गाठीच्या आत

आमच्या नारान्हो गावात फर्मिनला ‘मुळंबघ्या’ म्हणतात आणि तो चिडत नाही. नवं झाड दिसलं की बाकीचे फूल बघतील, फळ चाखतील. हा आधी गुडघे टेकणार, बुंध्याजवळची माती बोटाने उकरणार आणि एक मूळ वर काढून डोळ्यांपाशी धरणार. शेजारणीने कौतुकाने दाखवलेलं मिरचीचं रोपही त्याने एकदा असंच उपटून पाहिलं. तिने त्याला झाडू घेऊन अंगणाबाहेर घालवलं. तरी खोड गेली नाही. ती त्याला केळीच्या मळ्याने लावली होती.

खाली किनाऱ्याला कंपनीच्या मळ्यात त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली. काम सोपं होतं. ओळीने चालायचं, प्रत्येक केळीच्या पायाशी थोडं खणायचं आणि मुळांवर गाठी दिसल्या की खोडाला लाल फडकं बांधायचं. मागून दुसरी टोळी यायची आणि लांब सळईने मुळांत औषध टोचायची. मुकादम रोज सकाळी तेच सांगायचा, “मातीत बारके जीव असतात. ते मुळाशी राहायला येतात. गाठ दिसली की समजा, झाड गेलं.” माणसं कमी पडली की सळई फर्मिनच्याही हातात यायची. हातमोजे नाहीत, नाकातोंडाला काही नाही. औषध मनगटावरून ओघळायचं आणि दुपारी त्याच हातांनी मक्याची भाकरी खायची.

मुळांतले जीव मेले की नाही ते कंपनीला ठाऊक. फर्मिन आणि ओतीलियाच्या घरात पाळणा काही हलला नाही. त्या टोळीतल्या बहुतेक घरांत हीच गत. पुढे बोभाटा झाला तेव्हा शहरातून एक डॉक्टर आला. त्याने सगळ्या बाप्यांना शाळेच्या खोलीत रांगेने बोलावलं, काचेवर ज्याच्या त्याच्या वीर्याचा थेंब घेतला आणि भिंगाखाली धरला. फर्मिनने विचारलं, “काय दिसतं?” डॉक्टरने डोळा वर न करता सांगितलं, “काही नाही. जिवंत एकही नाही.” आणि पुढच्याला हाक मारली. दगडाला पाझर फुटेल, पण असल्या माणसाला नाही.

मग कंपनीने त्या भागातलं बस्तान गुंडाळलं. जाताना कुणी रबरी बूट आणले, कुणी नळी आणली. फर्मिनने त्या औषधाचा एक सीलबंद डबा आणला. का आणला, हे त्याला आजही सांगता येत नाही. ओतीलियाचं माहेर इथलं, डोंगरातलं, म्हणून दोघं नारान्होत आली आणि डबा गोणपाटात गुंडाळून घराच्या आढ्याला टांगला गेला.

“फेकून दे ते,” ओतीलिया म्हणायची.

“कुठे फेकू? मातीत ओतू? ओढ्यात ओतू? का चुलीत घालू?”

डबा आढ्यालाच राहिला आणि त्याच्याखाली दोघांनी केस पांढरे केले.

आमच्याकडे मूलबाळ नाही म्हणून माणूस एकटा पडत नाही, एवढं बरं आहे. दुसऱ्याच्या पोराला बाप्तिस्म्याच्या वेळी हातांवर धरलं की आपण त्याचे धर्मबाप होतो आणि त्याच्या खऱ्या बापाचे कोंपाद्रे, आपली बायको त्याची कोमाद्रे. हे नातं रक्तापेक्षा कडक. फर्मिनने गावातल्या इलारियोच्या लेकीला, नोएमीला, हातांवर धरलं, त्या दिवसापासून, आदल्या दिवसापर्यंत एकमेकांना शिव्या देणारे हे दोघे ‘तुम्ही’ म्हणू लागले. कोंपाद्रेवर आवाज चढवायचा नाही, त्याच्याशी खोटं बोलायचं नाही. बोललं तर मेल्यावर आगीचा गोळा होऊन डोंगरावर भटकावं लागतं. हसू नका, आमच्या गावात गोळे पाहिलेली माणसं आहेत.

गावाला पाणी एकच, इलारियोच्या टेकडीच्या पायथ्याशी खडकातून येणारा झरा. त्याच्या आज्याने टेकडीवरचं रान तोडून जाळलं आणि मका पेरला, बापाने तेच केलं, त्यानेही तेच केलं. राखेवर एकदा मका दणकून येतो, दुसऱ्यांदा बरा येतो, मग नुसतं राठ गवत. गवतही उन्हाळ्यात जाळायचं. होता होता टेकडीची हाडं दिसू लागली आणि झऱ्याची धार करंगळीएवढी झाली. बाया घागर खडकाखाली लावून तिथेच शेंगा सोलत बसायच्या, घागर भरायला एवढा वेळ लागायचा.

तेव्हा सहकारी संस्थेची एक बाई गावात आली. तिने सांगितलं, टेकडीवर ग्वामा लावा. ग्वामा आम्हाला ठाऊक होता. त्याच्या हातभर शेंगेतला कापसासारखा गोड गर खाऊनच आमची पोरं वाढतात. पण बाई म्हणाली, हे झाड ओसाड मातीतही उभं राहतं. दाट ओळींत लावलं की सावली धरतं, खालचं गवत मरतं, पाल्याचा थर साचतो, पाणी टेकडीत मुरतं. खताची गरज नाही, कारण ते आपलं खत हवेतून काढतं.

“हवा खाऊन जगतं?” इलारियो म्हणाला. “मग माझ्या सासूलाही एक मात्रा द्या. माझा मका वाचेल.”

सगळे हसले, तोही हसला, पण टेकडी त्याची होती. शेवटी कोंपाद्रेच्या शब्दाखातर त्याने एक हंगाम दिला. रोपवाटिका फर्मिनने करायची. पेरणी तोंडावर आली की इलारियो एका रविवारी येणार आणि विचारणार, रोपं धड आहेत का? असतील तर लावायची. नसतील तर टेकडी पेटवायची, मका पेरायचा आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही.

रोपं कशी करायची ते बाई समजावत होती त्या दिवशी फर्मिन ओढ्यावर बियांसाठी शेंगा काढत होता. त्याला सगळं कळलं ते ओतीलियाकडून.

“प्रत्येक पिशवीत जुन्या ग्वामाखालची मूठभर माती घालायची,” ती म्हणाली. “विरजण लावतो तशी. त्या मातीत बारके जीव असतात, ते मुळाशी राहायला येतात.”

फर्मिनच्या अंगावर काटा आला. शब्दन् शब्द मुकादमाचा! म्हाताऱ्या झाडाखालची घाण आपल्या हाताने कोवळ्या रोपांत घालायची? पण बाईने सांगितलेलं मोडलं तर गाव म्हणेल, मुळंबघ्याने वाट लावली. म्हणून त्याने दोन दगडांवर पाय ठेवला. अर्ध्या पिशव्यांत जुनी माती घातली. उरलेल्या अर्ध्यांसाठी माती चाळली आणि लोखंडी पत्र्यावर खरपूस भाजली, कंपनीच्या रोपवाटिकेत वाफवायचे तशी. आग सगळं शुद्ध करते, हे आमच्याकडे दूधपित्या पोरालाही ठाऊक. हे मात्र त्याने कुणाला सांगितलं नाही, ओतीलियालाही नाही.

रोपवाटिका झऱ्याच्या थोडी वर, पाण्याच्या सोयीने. ग्वामाचं बी थांबत नाही, शेंगेतच कोंब काढतं. बघता बघता दोन्हीकडे हिरवं झालं. पुढे जुन्या मातीतली रोपं काळपट हिरवी होऊन तरारली आणि भाजक्या मातीतली जरा फिकी राहिली. फर्मिनने म्हटलं, ऊन जास्त लागत असेल.

ठरलेल्या रविवारच्या आदल्या दुपारी त्याच्या बोटांना खाज सुटली. जुन्या मातीतलं एक जोमदार रोप त्याने उचललं, पिशवी फाडली, माती झटकली.

मुळांना गाठी होत्या.

थोड्याथोडक्या नाहीत, मण्यांची माळ गुंतावी तशा. त्याने दुसरी पिशवी फाडली, तिसरी, ओळीच्या टोकाची. सगळीकडे तेच. भाजक्या मातीतलं एक रोप काढून पाहिलं तर त्याची मुळं पांढरीशुभ्र, स्वच्छ. म्हणजे शंकाच नको. रोग जुन्या मातीतून आला होता. आणि पानं एवढी तरारलेली कशी? मरायच्या आधी माजतात, दुसरं काय!

त्याच्या डोळ्यांपुढे पुढचं सगळं उभं राहिलं. ही रोपं टेकडीवर लावायची, पावसात माती खाली येणार आणि तिच्याबरोबर ते जीवही. ते गावाच्या घेवड्यात, टोमॅटोत, प्रत्येक परसात शिरणार. न लावावीत तर उद्या कोंपाद्रे येणार, आणि त्याला खरं सांगितलं की टेकडी पेटणार. मग झरा गेलाच म्हणून समजा. खोटं बोलता येत नव्हतं. खरं बोलायची हिंमत नव्हती. आणि भाजक्या मातीतली रोपं निम्म्या टेकडीलाही पुरली नसती.

त्या संध्याकाळी त्याने घास तोंडात घातला नाही. ओतीलियाने विचारलं, “पोट बिघडलं का?” तो म्हणाला, “हो.” बायकोशी खोटं बोललं तर काय होतं, याबद्दल आमच्याकडे काही नियम नाही.

रविवारी सकाळी गाव प्रार्थनेला गेलं. ओतीलियाही निघाली होती. जाता जाता आढ्याला टांगलेली डोक्यावरची ओढणी काढायला तिने हात वर केला, तर शेजारचं गोणपाट नुसतंच लोंबत होतं. तिने ते चाचपून पाहिलं. डबा नव्हता.

ओढणी तिथेच टाकून ती धावली. ओतीलियाला धावताना गावाने कधी पाहिलं नव्हतं.

फर्मिन रोपांच्या ओळींमध्ये उकिडवा बसला होता. डबा गुडघ्यांत धरलेला, आणि कोयत्याच्या टोकाने तो गंजलेलं झाकण उचकटत होता. झाकण एका बाजूने उचललं गेलं होतं. वास तिला दहा पावलांवरून आला. तरुणपणी नवऱ्याच्या सदऱ्याला, केसांना, उशीला येणारा तोच वास.

“झाकण लाव,” ती म्हणाली.

त्याने वर पाहिलं नाही. “तू देवळात जा, म्हातारे.”

“झाकण लाव म्हणते ना!”

“रोग आलाय. सगळ्या पिशव्यांत आलाय. कोंपाद्रे आता येईल. त्याच्या आत एवढं करू दे. कंपनीत याच्यावर हेच औषध होतं.”

“खाली झरा आहे.”

“मी थेंब थेंब देईन. मला माप ठाऊक आहे.”

“माप त्यांनाही ठाऊक होतं!”

कोयता थांबला. ओतीलिया त्याच्यासमोर मातीत बसली. तिने दोन्ही हातांनी डबा धरला, त्यानेही सोडला नाही. दोन म्हातारी माणसं एका गंजक्या डब्याला धरून बसली होती, आणि जोराने कुणीही ओढत नव्हतं, कारण हिसका बसला असता तर आतलं सांडलं असतं.

“आजवर तुला एक शब्द बोलले का?” ती म्हणाली. “गावातल्या बाया ओटीत पोरं घेऊन बसायच्या, मी त्यांच्यात बसले. माझ्या आईने विचारलं, दोष कुणात आहे, मी म्हटलं माझ्यात. डॉक्टर सांगून गेला, तेव्हा तुला जेवायला वाढलं आणि गप्प राहिले. या डब्याने माझं लेकरू खाल्लं, फर्मिन. आता हे पाणी कोण पिणार आहे? नोएमी पिणार आहे. ओतायचंच असेल तर आधी माझ्या घशात ओत.”

फर्मिनच्या हाताची पकड सुटली. तिने हलकेच डबा आपल्याकडे घेतला, झाकण तळव्याने ठोकून बसवलं, कमरेचं फडकं त्यावर करकचून बांधलं आणि तो मांडीवर घेतला.

“आता दाखव तुझा रोग.”

त्याने फाडलेल्या पिशवीतलं रोप तिच्यापुढे धरलं. ओतीलियाने मुळं पाहिली, अगदी जवळून पाहिली, आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

“हे?” ती म्हणाली. “हे तर माझ्या घेवड्याला असतं.”

“घेवड्याला नसतं. मी जन्मभर घेवडा उपटलाय.”

“तू वाळलेला घेवडा उपटलायस, मळणीला. फुलावर असताना कोण उपटतं? मी उपटते. गर्दी झाली की विरळणी मी करते, आणि तुला हात लावू देत नाही, कारण तू सगळंच उपटशील. जा, परसातला एक वेल आण. फुलावरचा आण.”

तो धडपडत गेला. घर जवळच, पण त्याला ती वाट संपेना. टेकडीच्या वरच्या वळणावर इलारियोची टोपी दिसू लागली होती. तो येत होता. त्याच्या एका खांद्यावर लावणीची भोकं पाडायची टोकदार काठी होती आणि दुसऱ्या हातात पाइनच्या चिकट ढलप्यांची मोळी, काडी लावली की पेटणारी. दोन्ही बरोबर आणली होती. माणूस न्यायाचा होता.

फर्मिनने वेल आणला तेव्हा त्याला धाप लागली होती. फुलांनी लगडलेला, जोमदार वेल. ओतीलियाने माती झटकली. मुळांवर तशाच गाठी.

“याला रोग आहे?” तिने विचारलं. “दरवर्षी तू ताट चाटून पुसून खातोस, तेव्हा रोग आठवत नाही? जीव मुळाशी राहायला येतात, म्हणाली होती ती बाई. बिऱ्हाड करायचं म्हणजे अशा खोल्या नको का बांधायला?”

फर्मिनने ग्वामाची एक गाठ बोटाने ढकलली. ती मुळाच्या कडेला बसली होती, अलगद सुटून हातात आली. केळीच्या मुळाला तर आतूनच सूज असायची, ती अशी सुटत नसे. त्याच्या मनात पहिल्यांदाच आलं की आपण आयुष्यात इतक्या गाठी पाहिल्या, पण एकही फोडून बघितली नाही. मळ्यात फोडायची गरज नव्हती. गाठ दिसली की फडकं, फडकं दिसलं की सळई. आत काय आहे, हे कुणी विचारलं नव्हतं.

त्याने नखाने गाठ चिरली.

आत लाल होतं. ओलं, रक्तासारखं लाल.

त्याने दुसरी चिरली. तीही लाल. घेवड्याची चिरली, तीही तशीच. त्याची नखं तांबडी झाली, तरी तो एकामागून एक गाठी चिरत राहिला. ओतीलियाने त्याला थांबवलं नाही. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याच्या ध्यानात नव्हतं.

“देव भलं करो, कोंपाद्रे. देव भलं करो, कोमाद्रे.” इलारियो येऊन उभा राहिला. काठी खाली टेकली, मोळी हातातच ठेवली. “बोला. रोपं धड आहेत का? लावू की जाळू?”

फर्मिन बसूनच म्हणाला, “कोंपाद्रे, तुमच्याशी खोटं बोलणार नाही. काल मला ही रोगट वाटली. आज सकाळी मी त्यांच्यावर... मी तो डबा काढला होता.”

इलारियोने डब्याकडे पाहिलं, कोमाद्रेच्या मांडीवर फडक्यात बांधलेल्या. वास अजून हवेत होता. तो डबा कसला, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल कुणी बोलत नसे.

“ओतलं?”

“नाही ओतलं,” ओतीलिया म्हणाली.

“मग रोगाचं काय?”

फर्मिनने हात पुढे केला. तळव्यावर चिरलेल्या गाठी होत्या.

“मला सगळं कळलंय असं नाही,” तो म्हणाला. “पण हे बघा. आत बघा.” त्याला शब्द सापडेना. मग सापडला. “जिवंत आहे, कोंपाद्रे. आहे. सगळं जिवंत आहे.”

ओतीलियाने तोंड फिरवलं. तो शब्द तिने त्याच्या तोंडून ऐकला तो पहिल्यांदा.

इलारियोने वाकून त्या तळव्याकडे पाहिलं. मका त्यालाही हवा होता. घरात खाणारी तोंडं होती. शेवटी त्याने ढलप्यांची मोळी ओतीलियापुढे ठेवली.

“चुलीला घ्या, कोमाद्रे. कॉफी टाका. आणि तुम्ही, कोंपाद्रे, डोळे पुसा. खड्डे कोण मोजणार?”

टेकडीवर दोन्ही प्रकारची रोपं लागली. भाजक्या मातीतली पुढच्या हंगामात पिवळी पडून खुजीच राहिली, तेव्हा फर्मिनने मातीची गोष्ट कबूल केली आणि ओतीलियाच्या शिव्या खाल्ल्या. मग तो काळ्या-हिरव्या रोपांच्या पायथ्याची माती ओंजळीने उचलून पिवळ्यांच्या पायाशी घालत फिरला. काही सावरली, काही गेली. संस्थेची बाई आली तेव्हा तिने गाठी पाहिल्या आणि म्हणाली, हवेतून खत काढतात ते याच गाठींतले जीव, हे मी पहिल्याच दिवशी उपटून दाखवायला हवं होतं. असली विषं रीतसर नष्ट करणाऱ्यांकडे देण्यासाठी तिने डबा वाळूने भरलेल्या पिंपात घालून नेला. ओतीलिया गाडीमागे वळणापर्यंत चालत गेली आणि तो खरंच गेला, याची खात्री करून परत आली.

आज टेकडीवर उन्हाचा ठिपका जमिनीला लागत नाही. घागर भरते तोवर शेंगा सोलून होत नाहीत, अशी बायांची तक्रार आहे.

मागच्या उन्हाळ्यात नोएमी सासरहून बाळ घेऊन धर्मबापाच्या घरी आली. बाळ झोपेला आलेलं, झोळी बांधायला जागा हवी. ओतीलिया आढ्याकडे हात करून म्हणाली, “तिथे बांध की, चांगलं मजबूत आहे.”

“तिथे नाही,” फर्मिन म्हणाला.

त्याने झोळी उचलली आणि टेकडी चढू लागला. नोएमी बाळाला घेऊन मागे, तिच्यामागे ओतीलिया, “अरे थांब, पोर उन्हात नेतोस का,” करत. झऱ्याच्या वरच्या अंगाला पहिल्या ओळीतले दोन ग्वामा शेजारी उभे होते, माणसाच्या मांडीएवढ्या बुंध्याचे. खाली गार सावली होती. नोएमी झोळीची दोरी बुंध्याला टाकणार, एवढ्यात फर्मिनने तिचा हात धरला.

“जरा थांब, पोरी.”

तो गुडघे टेकून बसला. बोटाने माती उकरली, एक मूळ वर काढलं आणि त्यावरची गाठ नखाने चिरून डोळ्यांपाशी धरली. मग उठून दुसऱ्या बुंध्याशी गेला आणि तिथेही तेच केलं. बाळ किरकिरत होतं.

लाल झालेलं बोट सदऱ्याला पुसून तो म्हणाला, “हां. आता बांध.”